प्रीकूलिंगमध्ये गेलेला शेवट

“मॅडम, शेवटचा भाग बॉक्समध्ये गेला,” रेश्मा म्हणाली.

दुपारच्या चहाची सुट्टी नुकतीच संपली होती. ती माझ्या केबिनच्या दारात उभी होती. आत येत नव्हती. तिच्या मागे टेबल नंबर चारच्या प्रमुख अलकाताई उभ्या होत्या. रेश्माने डोक्यावरची जाळीची टोपी काढून हातात घेतली होती आणि ती पिळून पिळून तिची दोरी केली होती.

“कसला भाग?” मी विचारले. खरे तर मला समजले होते.

“आपल्या लिफ्टचा.”

“कोणत्या बॉक्समध्ये?”

“तेच तर माहीत नाही ना,” अलकाताई म्हणाल्या. “सगळे प्रीकूलिंगला गेलेत.”

वाचकांसाठी येथे थोडे थांबून खुलासा करणे आवश्यक आहे. नाशिकजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी विभागाचे काम पाहते. परदेशी जाणारी द्राक्षे आमच्याकडे बागेतून क्रेटमध्ये येतात. टेबलांवर बसलेल्या महिला लहान कात्रीने घडातले खराब मणी काढतात, घड वजन करून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये भरतात आणि पाऊच पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये रचतात. भरलेले बॉक्स प्रीकूलिंग चेंबरमध्ये जातात. तेथे थंड हवा बॉक्समधून खेचून द्राक्षांचे तापमान जवळजवळ शून्यावर आणले जाते. त्यानंतर कंटेनर भरतो आणि जहाजाच्या वाटेला लागतो.

द्राक्षाखेरीज जे काही त्या बॉक्समध्ये सापडेल, त्याला आमच्या भाषेत ‘फॉरेन बॉडी’ म्हणतात. केस, टिकली, बांगडीचा तुकडा, काहीही. तिकडच्या ग्राहकाला अशी एक वस्तू सापडली, की तक्रार येते आणि पूर्ण पॅकहाऊस संशयाखाली येते. म्हणून आमचा नियम कडक आहे. ज्याच्याकडून बाहेरची वस्तू मालात गेली, त्याचे काम त्याच दिवशी संपते.

आज आमच्या मालात मराठी कादंबरीची पंचवीस-तीस पाने गेली होती. कादंबरी माझी होती.

मी नोकरीत उशिरा आले. मायक्रोबायॉलॉजीची पदव्युत्तर पदवी घेतली, लग्न झाले आणि यजमानांच्या नोकरीमुळे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये संसार मांडला. मुले मोठी होऊन बाहेर पडली, तेव्हा केसांना रंग लावण्याचे वय झाले होते. त्या वयात मी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे ओळखपत्र गळ्यात घातले. माझ्या हाताखाली काम शिकण्याच्या वयाची मंडळी मला काम शिकवत होती. त्यात त्यांची चूक काही नव्हती, परंतु मी मुळातच कमी बोलणारी. जेवणाच्या सुट्टीत चाळीस-पन्नास बायकांमध्ये जाऊन बसण्याचे धैर्य मला होत नसे. मी केबिनमध्ये डबा खाई आणि पुस्तक वाची.

त्या सीझनला मी ‘लिफ्ट बंद आहे’ ही कादंबरी वाचत होते. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत राहणारी मृणाल. वय पंचेचाळीसच्या आसपास, घटस्फोटित, घरून केक करून विकते. सोसायटीची लिफ्ट पहिल्या पानापासून बंद. पाचव्या मजल्यावर पिठाची पोती चढवताना तिची तिसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांशी रोज गाठ पडते. एवढीच गोष्ट. कोणी मरत नाही, कोणी कोणाचा सूड घेत नाही. आमच्या क्वार्टर्सच्या महिला मंडळात अशा पुस्तकांना ‘वेळ घालवायची पुस्तके’ म्हणत असत. मीही तसे म्हणत असे. मात्र ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले, की लेखिकेने एकही वाक्य जड होऊ दिलेले नाही. पाच मजल्यांचे ओझे तिने वाचकाला न दमवता वर नेले आहे. हलके लिहिणे हे सोपे काम नसावे. निदान मला तरी ते जन्मात जमणार नाही.

एके दिवशी अलकाताई तापमानाची नोंद द्यायला आल्या आणि तेथेच रेंगाळल्या.

“मॅडम, एक विचारू का? रोज काय वाचता तुम्ही? काचेतून दिसतं आम्हाला. एकट्याच हसता.”

मी ओशाळले. पुस्तक त्यांच्यापुढे केले. बोलण्यापेक्षा देणे मला सोपे जाते.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. “पहिलं प्रकरण रात्रीतून वाचलं बघा. सकाळी रिक्षात रेश्माला सांगितलं, तर ती म्हणे मला आत्ता द्या. शोभाकाकू म्हणे मला कोणी वाचून दाखवा. आठ जणी आहोत आम्ही टेबलावर. एकेकीनं वाचायचं म्हटलं तर सीझन संपून जाईल आणि सगळ्या आपापल्या गावाला. मॅडम, पुस्तक तोडलं तर चालेल का?”

नाही म्हणायला जो सराव लागतो, तो माझ्याकडे नव्हता. मी मान हलवली. ती होकाराची होती की घाबरल्याची, हे अलकाताईंनी विचारले नाही.

त्यांनी पुस्तकाची पाठ मोकळी केली आणि प्रकरणे पाहून आठ भाग पाडले. टेबलावर ज्या क्रमाने बायका बसत, त्याच क्रमाने भाग फिरू लागले. रेश्मा सर्वांत भरभर वाचणारी, म्हणून ती पहिली. तिचा पहिला भाग झाला, की तो शेजारणीकडे जाई आणि रेश्मा दुसरा उचली. शोभाकाकू सर्वांत शेवटी. वयाने मोठ्या, जाड भिंगाच्या चष्म्यातूनही त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. त्यांना शेजारीण जेवताना वाचून दाखवी. पुढचे कोणी सांगायचे नाही, हा नियम. जी सांगेल तिने आठ जणींचे डबे घासायचे. द्राक्षाचा घड टेबलावर एका हातातून दुसऱ्या हातात जसा जातो, तशी ती कादंबरी चालली होती. कोठेही थांबत नव्हती, कोठेही साठत नव्हती. व्यवस्थापनाची पुस्तके मी वाचलेली आहेत. इतकी सुरळीत लाइन मी त्यांत पाहिली नव्हती.

माझी एकच अट होती. पॅकिंग हॉलमध्ये कागद आणायचा नाही. ती त्यांनी काटेकोरपणे पाळली. भाग लॉकरमध्ये राहत. जेवणाच्या खोलीत निघत. कागदाला तेलाचे हात लागू नयेत म्हणून त्यांनी छपाई चुकलेले, रद्द झालेले द्राक्षांचे पाऊच घेतले होते आणि एकेक भाग एकेका पाऊचमध्ये ठेवला होता. अडचण तेथेच झाली.

पॅकिंगचे साहित्य, रद्द झालेले असले तरी, स्वतःच्या कामासाठी वापरणे मना आहे. त्या दुपारी रेश्मा शेवटचा भाग उघडून बसली होती. इतक्यात आमचे मॅनेजर देवरे साहेब जेवणाच्या खोलीतून जाऊ लागले. ते सहसा तिकडून जात नाहीत. रेश्मा घाबरली. तिच्या मागेच कठड्यापलीकडे बॉक्स तयार करण्याचा विभाग आहे. घडी मोडून उभे केलेले, आत प्लास्टिकचा पातळ लायनर अंथरलेले रिकामे बॉक्स तेथे रचून ठेवतात. तिने पाऊच सर्वांत वरच्या बॉक्समध्ये लायनरखाली सरकवला. साहेब गेले. तेवढ्यात बेल झाली, सगळ्या हात धुवायला धावल्या. चहाच्या वेळी तिला आठवण झाली, तेव्हा ती रास जागेवर नव्हती.

“तू स्वतः सांगायला आलीस?” मी विचारले.

“मी म्हटलं गप बसावं,” रेश्मा म्हणाली. “मग वाटलं, तिकडं कोणीतरी द्राक्षं काढील आणि खाली आपली मृणाल निघंल. तुमच्यावर येईल.”

“तिच्यावरबी येईल,” अलकाताई म्हणाल्या. “मॅडम, हिला काढलं तर पुढच्या वर्षी सासरचे हिला घराबाहेर पाठवायचे नाहीत. लय मिनतवारीनं पाठवलंय. भाजीच्या वावरात एक माणूस कमी पडतंय म्हणून आधीच कुरकुर.”

टोपीची दोरी रेश्माने उलट्या दिशेने पिळायला घेतली.

कंटेनर सकाळी भरायचा होता.

देवरे साहेबांच्या दाराशी मी गेले. टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. पुन्हा उचलला. माझ्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. त्या दिवशी मागे अलकाताई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घालून दार वाजवले.

साहेब सटाण्याकडचे. एरवी बोलणे शहरी, पण राग आला की घरची अहिराणी बाहेर येते. मी घटना सांगितली. रेश्माचे नाव सांगितले. पुस्तक माझे असल्याचेही सांगितले. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले.

“हाई काय शे?” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “कादंबरी?”

“हो.”

“द्राक्षात?”

“लायनरखाली.”

“तिला उद्यापासून येऊ नको म्हणा. आणि बॉक्स शोधायचा कसा? चेंबरमध्ये आज दिवसभराचा माल आहे.”

पहिल्या वाक्याला उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामातले होते, म्हणून ते देता आले. आमच्या प्रत्येक बॉक्सवर स्टिकर असतो. बाग कोणती, टेबल कोणते, जेवणाआधी भरला की नंतर, हे त्यावरून कळते. याला ट्रेसेबिलिटी म्हणतात, म्हणजे मालाचा माग काढण्याची सोय. रिकाम्या बॉक्सची ट्रॉली जेवणानंतर आधी जवळच्या चार टेबलांना जाते. तेव्हा पहिल्या चार टेबलांचे, जेवणानंतरचे बॉक्स तेवढे पाहायचे. त्यांतही आधी भरलेले, म्हणजे राशीत खालचे.

“बाहेर काढून पाहू,” साहेब म्हणाले.

“नाही, साहेब. आता ते थंड झाले आहेत.”

थंड झालेली द्राक्षे उबदार हवेत आणली, की गार पाण्याच्या तांब्याला सुटते तसे मण्यांवर पाणी सुटते. ओल्या घडाला वाटेत बुरशी लागते. म्हणजे एक बॉक्स शोधण्यासाठी शेकडो खराब करायचे. शोध चेंबरच्या आतच घ्यावा लागणार होता.

“आत कोण जाणार? गारठ्यात?”

“टेबल चार,” दारातून अलकाताई म्हणाल्या. त्या तेथेच उभ्या होत्या, हे आम्ही दोघेही विसरलो होतो.

शिफ्ट सुटल्यावर त्या आठ जणी स्वेटर, शाली, कोणी नवऱ्याचे जाकीट, त्यावर एप्रन आणि डोक्यावर जाळी, अशा वेषात चेंबरसमोर उभ्या राहिल्या. मी शोभाकाकूंना बाहेर थांबायला सांगितले.

“मला नका सांगू थंडीचं,” त्या म्हणाल्या. “आमचा झेंडूचा मळा हाय. दिवाळीत पहाटेच्या दहिवरात फुलं तोडते मी. ही पोरं कुडकुडतील, मी नाय.”

आत गेल्यावर अलकाताईंनी एकही मिनिट बोलण्यात घालवले नाही. दोघी रास उतरवत. दोघी पाऊच उचलून धुतलेल्या क्रेटमध्ये ठेवत. एक जण लायनर उचलून खाली पाही. दोघी पाऊच होते तसे परत रचत. शोभाकाकू तपासलेल्या बॉक्सच्या कोपऱ्यावर खडूने रेघ मारत. मी स्टिकर वाचून सांगत होते. दार शक्य तितके कमी उघडायचे होते, म्हणून एकदा आत गेलेले बाहेर येत नव्हते. पंख्यांच्या आवाजात ओरडून बोलावे लागे.

“सापडलं नाही तर शेवट तू सांगशील का गं, रेश्मा?” काकूंनी विचारले.

“मी दोनच पानं वाचली होती, काकू.”

“म्हणजे कोणालाच माहीत नाय?”

“मॅडमला माहीत आहे.”

सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी पुढचा स्टिकर वाचला.

पहिल्या टेबलाचे बॉक्स झाले, दुसऱ्याचे झाले. रेश्माची बोटे लाल झाली होती. तिला मी हातमोजे बदलायला सांगितले, तर ती म्हणाली, “मीच ठेवलंय, मलाच सापडू द्या.” तसे झाले नाही. तिसऱ्या टेबलाच्या राशीत खालून तिसऱ्या बॉक्सचा लायनर अलकाताईंनी उचलला आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पाऊच तळाशी सपाट पडला होता. पारदर्शक प्लास्टिकमधून पहिल्या पानावरचे प्रकरणाचे नाव स्पष्ट दिसत होते. पाने गारठून पापडासारखी ताठ झाली होती.

शोभाकाकूंनी पाऊचवर हात ठेवला. “थंड झाला गं बाई डॉक्टर.”

सगळ्या हसल्या आणि चेंबरमध्ये वाफ उठली.

बाहेर आल्यावर मला माझे काम करावे लागले. मालात सापडलेली वस्तू पिशवीत बंद करायची, सील लावायचे, सही करायची आणि सीझनअखेरचे ऑडिट होईपर्यंत कपाटात ठेवायची, असा नियम आहे. ऑडिटरला ती दाखवावी लागते. अलकाताई माझ्या हातातल्या सीलकडे पाहत होत्या.

“मॅडम, आधी वाचू द्या. मग करा सील. पाचच मिनिटं.”

“नाही, अलकाताई.”

मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणाले. त्यांनाही ते नवीन होते.

मग मी पुन्हा देवरे साहेबांच्या दाराशी गेले. या वेळी मागे कोणी नव्हते. मी दार वाजवले.

“सापडलं ना? चला, सुटलो,” ते म्हणाले. “त्या मुलीचा हिशेब उद्या करून टाका.”

“साहेब, मला थोडे बोलायचे आहे.”

ते खुर्चीत मागे टेकले. मी केबिनमध्ये तीन वेळा मनात म्हणून पाहिलेली वाक्ये होती. त्यांपैकी एकही आठवेना. जे तोंडात आले ते बोलले.

“नियम काय आहे हे मला माहीत आहे. नियमाची फाइल माझ्याकडेच असते. पण आज आपल्याला कळले कसे? कॅमेऱ्यात दिसले नाही. मला दिसले नाही. तुम्ही तर तिच्या जवळून गेलात. ती बोलली म्हणून कळले. तिला काढले, तर पॅकहाऊसमधली प्रत्येक बाई एकच गोष्ट शिकेल, की बोलायचे नाही. मग माझ्या विभागाची गरजच राहणार नाही. मी कशाची क्वालिटी तपासणार? ज्या चुका मला कोणी सांगणारच नाही, त्यांची?”

साहेब खुर्चीत पुढे सरकले.

“मॅडम, तुम्ही एवढं बोलता, हे मला माहीत नव्हतं.”

“मलाही नव्हते.”

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. बाहेर आठ जणी रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. शालीत गुंडाळलेल्या, एकमेकींच्या पाठी चोळत.

“लेखी समज द्या,” ते म्हणाले. “आणि तिला टेबलावरून काढा. बॉक्स विभागात टाका. प्रत्येक बॉक्स टेबलावर जाण्याआधी लायनर काढायचा, बॉक्स उलटा करायचा, झटकायचा, मग लायनर घालायचा. हे ती करील. तिच्याइतकं मनापासून दुसरं कोणी करणार नाही.” मग दारापर्यंत गेलेल्या मला त्यांनी थांबवले. “आणि पुस्तक तुमचं आहे, हे समजपत्रात लिहू नका. एवढं कोणी विचारणार नाही.”

रेश्माचे काम टिकले. पुढच्या सीझनलाही ती आली, हे आधीच सांगून टाकते.

कादंबरीचा प्रश्न मात्र उरला. बाकीचे सात भाग फिरत राहिले. दोन आठवड्यांत सातवा भाग शोभाकाकूंपर्यंत पोहोचला. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत अलकाताई माझ्या दारात आल्या.

“मॅडम, शेवट तुमच्या कपाटात आहे आणि तुमच्या डोक्यात आहे. कपाट तुम्ही उघडणार नाही. बरोबर आहे, नाही उघडायचं. मग डोकं तरी उघडा.”

“मी लिहून देऊ का?”

“काकूंना अक्षर दिसत नाही. चला. डबा घ्या बरोबर.”

मी गेले. टेबल चारच्या बायकांनी मध्ये जागा केली. कोणाच्या तरी डब्यातली वालाची उसळ माझ्या झाकणात पडली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकाही खुर्च्या वळवून बसल्या. शाळेत वक्तृत्वाला नाव देऊन ऐनवेळी आजारी पडणारी मी. माझ्या आवाजाचा पहिला सूर फाटला. शोभाकाकू म्हणाल्या, “सावकाश. घाई नाय.”

मी सांगितले. लिफ्ट दुरुस्त होते. सोसायटीत पेढे वाटतात. मृणाल पिशव्या घेऊन येते, तर लिफ्ट तळमजल्यावर दार उघडून तिची वाट पाहत उभी असते. मृणाल तिच्याकडे बघते आणि जिन्याकडे वळते. पहिला मजला, दुसरा मजला. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या दाराशी ती थांबते. आतून रेडिओचा आवाज येत असतो. ती पिशव्या खाली ठेवते आणि बेल वाजवते.

“मग? काय बोलली?” रेश्माने विचारले. ती बॉक्स विभागातून कठड्यावर वाकून ऐकत होती.

“ती म्हणते, ‘लिफ्ट सुरू झाली. म्हटलं, तुम्हाला सांगावं.’”

शोभाकाकू म्हणाल्या, “एवढंच सांगायला बेल वाजवली? लबाड कुठली.” आणि सगळे टेबल हसले. त्या दिवसापासून मी केबिनमध्ये एकटी जेवलेले नाही.

सीझन संपत आला तेव्हा ऑडिटर आले. उलटे करून झटकलेले बॉक्स पाहून त्यांनी विचारले, ही पद्धत कोठून आणली. मी सीलबंद पिशवी दाखवली आणि घडले ते सांगितले. ही पद्धत इतरांनीही घ्यावी, असा शेरा त्यांनी लिहिला. देवरे साहेबांनी तो फ्रेम करून लावला. पिशवीची आता गरज नव्हती. साहेबांना विचारून मी सील काढले आणि शेवटचा भाग टेबल चारला परत दिला.

संध्याकाळी अलकाताई आल्या. पाठोपाठ शोभाकाकू आणि रेश्मा.

“मॅडम, यात ती बेल वाजवतच नाही.”

“असे कसे होईल?”

त्यांनी पान पुढे केले. मी चष्मा पुसून वाचले. मृणाल तिसऱ्या मजल्यावर थांबते. आतून रेडिओ ऐकू येतो. ती पिशव्यांचा हात बदलते आणि चौथ्या मजल्याकडे चढू लागते. तेथे कादंबरी संपते. बेल नाही. पिशव्या खाली ठेवणे नाही. ते वाक्य तर कोठेच नाही.

मी ते पुस्तक दोनदा वाचले होते. मला आजही त्या बेलचा आवाज आठवतो.

“माझ्या हातून चुकीचे सांगितले गेले,” मी म्हणाले. “मला खरेच तसेच आठवत होते.”

“चुकीचं काय त्यात?” शोभाकाकू म्हणाल्या. “वाजली की बेल. आम्ही सगळ्यांनी ऐकली.”

रेश्मा म्हणाली, “पुस्तकातलं पण चांगलं आहे ओ मॅडम. चढत राहती ती. पण मला तुमचं आवडलं.”

त्यावर तिघींची थोडी चर्चा झाली. लेखिकेचा शेवट अधिक खरा आहे, असे अलकाताईंचे मत पडले. मलाही तसेच वाटते. जे सांगायचे ते तिने न सांगता ठेवले, आणि तेवढ्यासाठी मी तिला मनोमन नमस्कार केला. तरीही टेबल चारने दोन्ही शेवट पास केले.

पुढच्या सीझनला अलकाताईंनी आठही भाग जाड दोऱ्याने एकत्र शिवून आणले आणि पुस्तक टेबल पाचला दिले. टेबल पाचने ते पुन्हा उसवले. त्यानंतर ते सहाला गेले. शेवटच्या पानाखाली अलकाताईंनी पेन्सिलने एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘वाचून झाल्यावर क्वालिटीच्या मॅडमना भेटा.’

त्यामुळे सीझनमध्ये अधूनमधून माझे दार वाजते. कोणीतरी नवीन बाई उभी असते, हात एप्रनला पुसत. मी तिला खुर्ची देते आणि बेल वाजवून दाखवते.

स्वतः पाहिल्याशिवाय काही नोंदवू नये, हा आमच्या विभागाचा पहिला नियम आहे. मी तो इतरांना शिकवते. या एका बाबतीत तो माझ्याकडून पाळला गेलेला नाही, आणि अद्याप कोणाचीही लेखी तक्रार आलेली नाही.